पांढऱ्यावर पांढरं

यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी शेवंतीच्या चार कुंड्या आणल्या, दोन पांढऱ्या आणि दोन पिवळ्या, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या सासूबाईंनी निकाल दिला की यात पांढरी एकही नाहीये.

"अगं, पांढरी म्हणून काय गळ्यात मारलंय त्याने तुझ्या? ही तर सायीच्या रंगाची आहे."

"आई, पांढरीशुभ्र आहे हो. मधला गोंडा तेवढा पिवळा असतो."

"मला शिकवू नकोस. वाईला आमच्या परसात शेवंतीचे वाफे होते."

वाईचे वाफे आले की आमच्याकडे विषय संपतो. नवरा पेपरमागे गेला, मी कुंड्या बाल्कनीत नेऊन ठेवल्या आणि मनातल्या मनात नर्सरीवाल्याची माफी मागितली. पण त्या महिन्यात एकूणच घरातल्या पांढऱ्या गोष्टींवर काहीतरी संक्रांत आली होती. भात पिवळट दिसतोय, गॅस मोठा ठेवलास का. देवघरातलं वस्त्र पिवळं पडलंय, तुमची ती मशीन काही कामाची नाही. मी साबण बदलला, मग दुसऱ्यांदा बदलला, निळीची पुडी शोधून आणली (अजून मिळते, वाण्याने मागच्या फळीवरून काढून दिली), तरी वस्त्र पिवळंच.

त्यात मधमाशा मरायला लागल्या.

कुंडीच्या मातीत एक, फरशीवर दोन, मग परत एक. पंख शाबूत, पाय शाबूत, कुठे चिरडल्याची खूण नाही, नुसत्या झोपल्यासारख्या पडलेल्या, उचलल्या तर वजनच नाही, कुरमुऱ्यासारख्या. आमच्या सोसायटीत डासांसाठी धूर मारतात, त्यामुळे गुन्हेगार कोण हे मला तत्काळ कळलं आणि मी ग्रुपवर फोटोसकट लांबलचक मेसेज टाकला. तिघांनी अंगठे दिले. एका काकांनी लगेच सूर्योदयाचं गुड मॉर्निंग टाकून तो वर ढकलला. झालं आंदोलन.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी उठायला उशीर झाला होता, रात्री दूध आटवता आटवता एक वाजलेला. चहा घेऊन बाल्कनीत गेले तर पांढऱ्या शेवंतीवर एक मधमाशी बसलेली, छोटीशी, आपली सातेरी असावी. म्हणजे बसलेली कसली, लोंबत होती. डोकं पाकळ्यांत, मागचा भाग बाहेर, वारा आला की पंख हलायचे पण ते वाऱ्याने हलायचे, तिने नाही. हातात चहाचा चमचा होता त्याने मी फुलाला हळूच टिचकी मारली. मधमाशी जागची हलली नाही. शेजारची पाकळी हलली.

पाकळी सरकली. आडवी.

मी ओरडले असते पण तोंडात चहा होता. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नाक फुलाला लागेल इतकी वाकले तेव्हा हळूहळू त्या पाकळीला पाय दिसायला लागले. भिजवलेल्या साबुदाण्याएवढं पोट, तसंच गुळगुळीत, मागे रुंद आणि पुढे निमुळतं. पुढचे चार पाय लांब आणि दणकट, मागचे चार अगदीच बारके, एका अंगावर दोन वेगळ्या प्राण्यांचे पाय लावल्यासारखे. डोळ्यांच्या बाजूला दोन टोकदार उंचवटे, शिंगं फुटायला लागल्यासारखे. आणि सगळं पांढरं. शेवंतीच्या पांढऱ्यात जी एक अगदी हलकी हिरवट झाक असते ना, ती सुद्धा होती. तोंड मधमाशीच्या मानेत रुतलेलं, बरोबर डोकं आणि धड जुळतं तिथे. चमच्याचा धक्का बसला म्हणून ती मधमाशीसकट दोन पाकळ्या बाजूला झाली होती एवढंच, जेवण सोडलं नव्हतं.

त्या कुंडीला मी रोज पाणी घालत होते. रोज. आईंसाठी फुलं पण रोज मीच काढत होते, म्हणजे कितीतरी वेळा माझी बोटं तिच्यापासून इंचभर अंतरावरून गेली असणार.

नणंदेची मुलगी झूलॉजीत एमएस्सी करते, तिला फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर, "मामी!!! क्रॅब स्पायडर! थॉमिसस जातकुळीतली आहे, फीमेल. हात लावू नकोस तिला." मी कशाला हात लावते. मराठीत याला खेकडा कोळी म्हणतात, कारण पाय तसे पसरलेले आणि चाल आडवी. मला हे नाव फारच आवडलं, कोळी आणि वर आडनाव खेकडा. त्यात गंमत म्हणजे हा कोळी जाळं टाकतच नाही. धागा असतो त्याच्याकडे, पडताना लटकायला किंवा अंडी गुंडाळायला वापरतो, पण जाळं विणून कोपऱ्यात बसायचं काम नाही. हा थेट बाजारात जाऊन बसतो, जिथे गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने येतं.

आणि त्या कुरमुऱ्यासारख्या मधमाश्यांचा उलगडा पण भाचीनेच केला. बऱ्याच कोळ्यांच्या जबड्याला आतून दात असतात, ते भक्ष्य चावून चोळामोळा करतात. खेकडा कोळ्याला ते दात नसतात. तो दोन बारीक भोकं पाडतो, विष सोडतो, आतलं पातळ झालं की तेवढं ओढून घेतो, आणि टरफल जसंच्या तसं खाली टाकतो. म्हणजे शहाळं प्यायल्यासारखं. धूर मारणारे निर्दोष निघाले. ग्रुपवरचा मेसेज मी काही डिलीट केला नाही, धुराला माझा तसाही विरोध आहे.

पुढचे दहा-बारा दिवस माझं ऑफिस बाल्कनीत होतं. मी अकाउंट्सवाली, घरून काम, वीस तारखेपर्यंत जीएसटीची रिटर्न भरायची असतात, आणि एका डोळ्याने एक्सेल आणि एका डोळ्याने शेवंती असं चाललं होतं. लोकांना वाटेल रोज थरारक शिकार बघायला मिळाली असेल. छे. ती नुसती बसायची. पुढचे चार पाय पसरून, मिठी मारायला हात पुढे करून एखादं माणूस तसंच थिजावं तशी. तासन् तास. मधमाशी यायची, बाजूच्या फुलावर बसून निघून जायची. तिच्याच फुलावर यायची तरी पलीकडच्या कडेला उतरायची. एकदा अगदी पुढ्यात उतरली, तिने झडप घातली आणि हुकली, मधमाशी गेली आणि ही परत जागेवर येऊन हात पसरून बसली, चेहऱ्यावर काही नाही (चेहरा म्हणजे आठ डोळे, त्यावर काय दिसणार म्हणा). दोन तीन दिवसांत एखादं काही हाती लागायचं. माझ्या मॅनेजरने हिच्याकडून टार्गेट कसं गाठू नये हे शिकावं असं मला फार वाटलं.

आईंना दाखवली. त्या वाकल्या, डोळे बारीक केले, म्हणाल्या, "काही दिसत नाही मला. फूल आहे की." बोट दाखवलं तरी नाही. मला वाटलं, बरोबरच आहे, माझ्या चष्म्याला पंधरा दिवस दिसली नाही तर त्यांना काय दिसणार.

दिवाळीच्या आधी पांढरी फुलं सुकली, मी छाटली, आणि ती गेली. चुकचुकल्यासारखं झालं थोडं. मग बावीस दिवसांनी पिवळ्या शेवंतीवर एक दिसली, पिवळी. बावीस हा आकडा मोबाईलच्या फोटोंवरून काढलाय, अंदाजे नाही, सवय आहे. तीच होती का? शपथेवर नाही सांगता येणार. पण भाचीला विचारलं तेव्हा तिने जे सांगितलं त्यावरून मी ती तीच होती असं ठरवून टाकलं.

याच घराण्यातली मिसुमेना व्हाटिया नावाची एक आहे, युरोप आणि उत्तर अमेरिकेत बागांमध्ये सर्रास दिसते. तिच्यावर खूप काम झालंय, अमेरिकेत मेन राज्यात डग्लस मोर्स नावाच्या शास्त्रज्ञाने तर वर्षानुवर्षं हिचाच पिच्छा पुरवला. ही पांढऱ्याची पिवळी होते आणि पिवळ्याची परत पांढरी. सरड्यासारखं झटक्यात नाही हं. पांढऱ्यावरून पिवळं व्हायला दहा ते पंचवीस दिवस लागतात, उलट यायला साधारण सहा. कारण पांढरा हा तिचा मूळचा रंग, कातडीखाली ग्वानिन नावाच्या पदार्थाचे बारीक स्फटिक असतात त्यांच्यामुळे. पिवळं मात्र बनवावं लागतं, नवीन रंगद्रव्य तयार करून वरच्या पेशींत भरावं लागतं. बनवायला वेळ, टाकून द्यायला कमी वेळ, कुठल्याही घराच्या फर्निचरचं असंच असतं. आणि हे ती बघून ठरवते. तिच्या डोळ्यांवर रंग फासून डोळे बंद केले तर रंग बदलत नाही असं प्रयोगात दिसलंय. हा सगळा मेकअप फक्त बायकांचा. नर इवलासा, तपकिरीसर, तो आपला तसाच हिंडतो.

आपल्या देशातल्या या कोळ्यांची नीट यादी करायचं मोठं काम बी. के. टिकादर यांनी केलं, १९८० साली त्यांचा या घराण्यावरचा जाडजूड खंड झूलॉजिकल सर्व्हेने काढला. आणि हे टिकादर बरीच वर्षं पुण्यात काम करत होते, सर्व्हेच्या इथल्या ऑफिसात. हे कळल्यावर मला उगाचच आपल्या गल्लीतला माणूस निघाल्यासारखं झालं. भाची म्हणाली जगात यांच्या दोन हजारांच्या वर जाती आहेत, काही पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, एक आंब्यावरच्या लाल मुंग्यांची नक्कल करते आणि ती सुद्धा उलटी, म्हणजे पोटाच्या टोकाला दोन काळे ठिपके, ते मुंगीचे डोळे वाटावेत. पण माझं मन शेवंतीतच अडकलेलं होतं, मी म्हटलं शिटेचं नंतर सांग.

तर माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता. ही फुलासारखी दिसते, म्हणून मधमाशीला दिसत नाही, म्हणून मधमाशी मरते. मला दिसली नाही ना पंधरा दिवस? मग तिला कशी दिसेल.

इथे भाचीने मला आडवं केलं. "मामी, तुझे डोळे आणि मधमाशीचे डोळे एक आहेत का?"

नाहीत. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) दिसतो, जो आपल्याला अजिबात दिसत नाही. बऱ्याच पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या अतिनील शोषून घेतात, म्हणजे आपण ज्याला पांढरंशुभ्र म्हणतो ते मधमाशीच्या लेखी पांढरं नसतंच, काहीतरी निळसर हिरवं असतं. आता ऑस्ट्रेलियात थॉमिसस स्पेक्टॅबिलिस नावाची पांढरी कोळीण आहे, जी भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते, आणि २००३ साली तिच्यावरचा एक अभ्यास 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. त्यांनी मधमाश्यांपुढे पांढऱ्या डेझीची फुलं ठेवली, शेवंतीच्या भावकीतलीच, एकावर कोळीण आणि एक रिकामं. आपल्या डोळ्यांना ती त्या फुलावर ओळखू येत नाही. पण तिचं अंग अतिनील परत फेकतं. म्हणजे मधमाशीला त्या फुलावर ती लपलेली नाही, उलट ट्यूब लावल्यासारखी उठून दिसते. आणि मधमाश्या कुठल्या फुलाकडे जास्त गेल्या? कोळीण बसलेल्या.

मी हे वाचून जरा वेळ गप्पच बसले. म्हणजे ती लपत नव्हती. पाटी लावून बसली होती. मलाच पाटी वाचता येत नव्हती.

त्यात अजून एक मेख आहे. त्या मधमाश्या युरोपियन, माणसांनी ऑस्ट्रेलियात नेलेल्या. तिथल्या मूळच्या देशी मधमाश्यांवर पुढच्या वर्षी तोच प्रयोग झाला, तर त्या पण कोळिणीच्या फुलाकडे आकर्षित व्हायच्या, जवळ यायच्या, पण उतरायच्या वेळी कटायच्या. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिल्या ना. नवीन आलेल्या भोळ्या, तिथल्याच त्या बेरकी. आणि युरोपात, आपल्या त्या रंग बदलणाऱ्या मिसुमेनावर २०१० च्या सुमारास एक शोधनिबंध आला त्यात तर म्हटलंय की फुलाशी रंग जुळला काय आणि नाही जुळला काय, शिकार तेवढीच होते. म्हणजे पंचवीस दिवस घालवून ती पिवळी होते, आणि गल्ला तोच! मग हा सगळा खटाटोप कुणासाठी? पक्ष्यांपासून वाचायला म्हणावं तर त्याचेही पक्के पुरावे हाती नाहीत. मला तर वाटलं, इतकी वर्षं माणसं हिला रंगात मिसळून लपण्याची राणी म्हणतायत ते फक्त माणसांना दिसत नाही म्हणून.

असो. तोवर आमच्याकडे समईचं प्रकरण झालं. वसुबारसेला आईंनी समईत तेल ओतलं ते समईच्या बाहेर, पाटावर. नवऱ्याने पेपर खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आई म्हणाल्या पिकू दे की अजून. डॉक्टर हसले, आता पिकायची वाट बघत नाहीत आजी. तुळशीचं लग्न होऊ दे, इतपत तह झाला आणि मग उजवा डोळा झाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आणलं. काळा गॉगल घालून त्या बाथरूममध्ये गेल्या आणि आतून हाक.

"अगं, टाइल्स निळ्या कधी बसवल्या?"

टाइल्स पांढऱ्या आहेत. बारा वर्षं.

मी दारात उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं लागत गेलं, भात, देवाचं वस्त्र, तीन साबण, निळीची पुडी, नर्सरीवाला. काही पिवळं पडलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्याचं भिंग पिवळं पडलं होतं आणि इतक्या सावकाश पडलं होतं की त्यांना ते जगाचंच वाटत होतं. मोती म्हणतो आपण त्याला, पण त्यातून बघणाऱ्याला सगळ्यावर हळद सांडलेली दिसते. क्लोद मोने या चित्रकाराचं असंच झालं होतं, १९२३ साली त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नंतर त्याला सगळं निळं दिसायला लागलं म्हणून तो वैतागला होता. आई वैतागल्या नाहीत, त्या खूश होत्या, फक्त टाइल्सचं बिल कुणी भरलं ते विचारत होत्या.

त्या रात्री मी बसून वाचलं की भिंग पिवळं होतं तरी कशाने. आपल्या डोळ्याच्या भिंगात अतिनील अडवणारी रसायनं असतात, म्हणूनच आपल्याला मधमाशीसारखं दिसत नाही, आपल्या डोळ्यात गाळणी बसवलेली आहे. ती रसायनं किन्युरेनिन या कुळातली, अन्नातल्या प्रथिनांतून जे ट्रिप्टोफॅन मिळतं, दुधातून, डाळीतून, त्याच्यापासून शरीर ती बनवतं. वय वाढतं तशी ती भिंगातल्या प्रथिनांना चिकटत जातात आणि भिंग पिवळसर, तपकिरी होत जातं. इतर कारणं पण आहेत, पण हे एक मोठं.

किन्युरेनिन. हा शब्द मी आधी वाचला होता. फोनमध्ये मागे गेले, भाचीने पाठवलेल्या लेखात. कोळीण पिवळी होते ते ट्रिप्टोफॅनपासून बनलेल्या रंगद्रव्यांमुळे, वाट तीच, किन्युरेनिनची.

रात्रीचे साडेबारा वाजले होते, नवरा घोरत होता, मला कुणाला तरी हे सांगायचं होतं आणि सांगण्यासारखं कुणी जागं नव्हतं. आईंच्या डोळ्यातलं पिवळं आणि बाल्कनीतल्या त्या साबुदाण्याच्या कातडीतलं पिवळं, एकाच घरचा मसाला. तिला पंचवीस दिवस लागतात, आईंना चौऱ्याहत्तर वर्षं लागली. आणि तिला ते काढून टाकता येतं, सहा दिवसांत, स्वतःचं स्वतः. आपल्याला भिंगच काढून फेकावं लागतं आणि नवीन बसवावं लागतं. (नवीन भिंगात पण अतिनील अडवायची सोय असते बहुतेक, त्यामुळे आईंना मधमाशीची दृष्टी वगैरे काही आलेली नाही. मी नवऱ्याला हे समजावत होते तर तो म्हणाला बरं झालं, आहे तीच पुरे आहे.)

डिसेंबरात पांढऱ्या शेवंतीला दुसरा बहर आला, थोडाच, सात आठ फुलं. आईंचा डावा डोळा अजून व्हायचा होता. सकाळी परडी घेऊन त्या स्वतःच बाल्कनीत आल्या, मी मागे मागे, पाय घसरू नये म्हणून. पहिल्याच फुलापाशी थांबल्या.

"ही बघ. ही बसलीये तुझी कोळीण."

मला दिसली नाही. खरंच नाही दिसली. त्यांनी बोट अगदी जवळ नेलं तेव्हा ती आडवी सरकून पाकळीखाली गेली आणि मला दिसली, पांढरी. तीच, की तिची कोणी, कोण जाणे.

आईंनी डावा डोळा हाताने झाकला, फूल बघितलं. मग उजवा झाकला, बघितलं. मग परत डावा. चार पाच वेळा, लहान मूल खेळतं तसं.

"ह्या डोळ्याने ही पांढरी. आणि ह्या डोळ्याने हळद लावलेली."

"आणि फूल हो?"

"ते पण." थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी ते फूल सोडून शेजारचं तोडलं आणि परडीत टाकलं. "त्या नर्सरीवाल्याने पांढरीच दिली होती म्हणायची."

मी काही बोलले नाही. मी शहाणी आहे.

"पण वाईची याच्याहून पांढरी होती," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.